पॉइंट तिथे आपण

ट्रिपहून परत आल्यापासून लोक एकच प्रश्न विचारतात, "वाघ दिसला का?" इथे ग्वाल्हेरात जयेंद्रगंजात दूध घ्यायला गेलो तरी हाच, महाराज बाड्यावर स्कूटर लावताना कुणी भेटलं तरी हाच. नुसतं हो किंवा नाही म्हणून सुटका होत नाही. उत्तर द्यायला गेलं की एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि विचारणाऱ्याच्या हातातल्या दुधाचं दही व्हायची वेळ येते.

म्हणून ठरवलं, सगळं एकदाच सांगून टाकायचं. वाघाचंही सांगतो. पण ह्यात वाघ फारसा नाही.

गाडीत आम्ही पाच जण होतो. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा. वहिनी. त्यांची मुलगी मुग्धा, इंदूरला नोकरी करते, वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. आमची कमलआत्या, राहणार दाना ओली, वय विचारायचं नाही. आणि मी. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, लग्न केलेलं नाही, दादाच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो आणि गाडी बरी चालवतो. ह्यातल्या शेवटच्या गुणामुळे मला नेलं.

* * *

दादा हॉस्पिटलची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होता. सगळा मध्य भारत त्याच्याकडे, त्यामुळे निम्मं आयुष्य हॉटेलात गेलं. राहायचं ते एकाच साखळीच्या हॉटेलांत, हा त्याचा नियम. त्यामुळे पॉइंट साठत गेले आणि तो त्यांचा 'गोल्ड मेंबर' झाला. ते सोनेरी कार्ड पाकिटात गणपतीच्या फोटोच्या पुढे असतं. मागे नाही, पुढे!

रिटायर झाल्यावर त्याला ईमेल आला, की पॉइंट वापरा, नाहीतर यंदा लॅप्स. दादाला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं, "जंगलं बघायची. पन्ना, कान्हा, पेंच. राहणं सगळं फुकट!"

वहिनी वाढत होती. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी येते. पण एक सांगून ठेवते. घरातून निघाल्यापासून परत घरात पाय ठेवेपर्यंत मी कुणाला चहा करून देणार नाही. एक कपसुद्धा नाही."

दादाने ताटातून मान वर केली.

आमच्या घरात चहा म्हणजे वहिनी. दादाला सकाळी कमी साखरेचा, मला आलं घालून कडक, मुग्धा आली की तिला वेलचीचा. आत्या संध्याकाळी येते, तिला उकळून उकळून काळा केलेला. वहिनी रोज पाचला उठते ती ह्यासाठी. दादाला चहा करता येत नाही. "मला गॅसच पेटवता येत नाही हो," असं तो पाहुण्यांसमोर हसत सांगतो, आणि पाहुणेही हसतात. वहिनीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नेमका ट्रेनिंगला भोपाळला होतो. ती घरी येऊन हिंडू-फिरू लागेपर्यंत दादाने आत्याला रोज सकाळी दाना ओलीतून ई-रिक्षाने बोलावलं. कशाला, तर चहा करायला! ग्वाल्हेरच्या जानेवारीत आत्या दोन शाली गुंडाळून यायची, चहा करायची आणि त्याच रिक्षाने परत जायची.

"एवढंच ना!" दादा म्हणाला. "हॉटेलात चहा कोण करतं? हॉटेलवाले करतात."

"मला एकदा बघायचं आहे," वहिनी म्हणाली, "की सकाळ झाली आणि मला काहीच करायचं नाहीये, तर कसं वाटतं. आणि एकदा जरी करावा लागला ना, तर मी तिथूनच ट्रेन पकडून परत येईन."

तिचा चेहरा बघून मला कळलं, की ही गंमत चाललेली नाही.

* * *

मुग्धाने लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हॉटेल आहे जबलपूरला, आणि टायगर आहे कान्ह्यात. बीच में तीन-चार घंटे का रास्ता है!"

"कान्ह्याला आपलं हॉटेल नाही," दादा म्हणाला. 'आपलं' हा शब्द तो त्या हॉटेलांना सर्रास वापरतो.

"तो वहाँ कोई दूसरा ले लो ना!"

"दुसऱ्याकडे पॉइंट चालत नाहीत. पॉइंट तिथे आपण."

अशा हिशोबाने पन्ना बघायला खजुराहोत राहायचं, कान्हा बघायला जबलपुरात आणि पेंच बघायला थेट नागपुरात. आत्याने चष्मा लावून नकाशा नीट बघितला.

"म्हणजे आपण शहरं बघायला चाललोय," ती म्हणाली. "मध्ये मध्ये जंगल लागेल."

* * *

खजुराहोला पोचलो, जेवलो आणि दादा म्हणाला, "चला, दुपारची सफारी घेऊ. गेटवर तिकीट मिळून जाईल, माझी ओळख आहे." ओळख कुणाशी, हे त्याने सांगितलं नाही. पन्नाच्या गेटवर गेलो तर तिथे एक कुत्रं आणि एक चौकीदार. दोघेही बसलेले.

"आज बुधवार है साहब," चौकीदार म्हणाला. "बुधवार को दोपहर में जंगल बंद रहता है."

दादाने गोल्ड कार्ड काढून दाखवलं! खरंच दाखवलं. चौकीदाराने ते उलटसुलट करून बघितलं आणि अदबीने परत दिलं.

"काय म्हणतो तो?" आत्याने गाडीतून विचारलं.

"आत्या, बुधवारी दुपारी जंगलाला सुट्टी असते."

आत्याने खिडकीची काच वर केली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यांनाही हाफ डे नको का?"

* * *

पॉइंटांवर दोन खोल्या मिळाल्या होत्या. एकीत तिघी बायका, दुसरीत दादा आणि मी. प्रत्येक खोलीत एका ट्रेमध्ये केटल, कप आणि चहा, साखर, दुधाची पावडर अशा पुड्या. सकाळी दादा पांघरुणातूनच म्हणाला, "जरा केटल लाव ना. मला ते काही जमत नाही."

मी पाणी उकळलं, पुड्या ओतल्या आणि ढवळत बसलो. दुधाच्या पावडरच्या गुठळ्या झाल्या त्या काही केल्या मोडेनात. तेवढ्यात दारावर टकटक. आत्या, डोक्याला रुमाल बांधून. मागे मुग्धा. सगळ्यात मागे वहिनी, केस नीट विंचरून, जणू लग्नाला निघाली आहे.

"माझं डोकं चढलंय," आत्या म्हणाली. "चहा पाहिजे."

"खाली फोन करून मागवा ना," मुग्धा म्हणाली.

दादाने मेनू कार्ड उघडलं, वाचलं आणि मिटलं. "ह्याला पॉइंट चालत नाहीत."

मग आम्ही चौघांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी खिडकीपाशी गेली. खाली स्विमिंग पूल होता, त्यात कुणीही पोहत नव्हतं. ती त्या पाण्याकडे बघत राहिली. तिच्या हाताची बोटं मात्र पदराशी चाळा करत होती. तिला हे जड जात होतं, ते मला दिसत होतं.

शेवटी मी माझा कप आत्यापुढे केला. आत्याने एक घोट घेतला आणि कप लांब धरून त्यात बघितलं.

"हे काय आहे?"

"चहा."

"फिजिक्सचा का?"

आणि तरीही तिने तो संपवला. डोकं दिवसभर धरून बसली, पण वहिनीला एक शब्द बोलली नाही. आत्याचं मला ह्याबद्दल फार कौतुक वाटतं.

* * *

आत्याच्या बाबतीत आणखी एक. बाथरूममध्ये प्लास्टिकच्या टोप्या ठेवलेल्या असतात, अंघोळ करताना केस भिजू नयेत म्हणून. आत्याला त्या इतक्या आवडल्या, की ती रोज फोन करून आणखी मागवायला लागली. शेवटी खोली साफ करायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, "अम्मा, इस कमरे में कितने लोग नहाते हैं?"

"नहाने के लिए थोड़ी ना चाहिए बेटा," आत्या म्हणाली. "दही के लिए चाहिए."

आज दाना ओलीत तिचा फ्रिज उघडला, तर एकूण एक वाटीने टोपी घातलेली आहे.

* * *

जबलपूर हे दादाचं खरं सासर. हॉटेलच्या दारात गाडी थांबली आणि आतून तिघे धावत आले. "वेलकम बॅक सर! बहुत दिन बाद!" एकाने बॅग घेतली, एकाने विचारलं, "सर, वही वाला फ्लोर ना?" वहिनी मागे पर्स धरून उभी. कुणीतरी तिला विचारलं, "मॅडम पहली बार आई हैं?"

"हो," वहिनी मराठीतच म्हणाली. "पहिल्यांदाच."

संध्याकाळी रेस्टॉरंटमध्ये बसलो. वेटर आला आणि न विचारता दादाच्या पुढ्यात एक प्लेट ठेवून गेला. पपई! छान कापलेली, वर लिंबू पिळलेली. दादाचा काटा पहिल्या फोडीपर्यंत गेला आणि मध्येच थांबला.

इथे सांगायला हवं, की आमच्या घरी पपई येत नाही. दादाला वासानेच मळमळतं म्हणून. वहिनीला पपई अतिशय आवडते आणि ती माहेरी गेली की खाते.

"सर का फेवरेट," वेटर वहिनीला कौतुकाने म्हणाला. "हर बार दो प्लेट."

"अस्सं," वहिनी म्हणाली.

"इथली वेगळी असते," दादा म्हणाला. "तिला तो वास नसतो."

वहिनीने एक फोड उचलून तोंडात टाकली, सावकाश चावली. "तीच आहे," ती म्हणाली आणि प्लेट आपल्याकडे ओढून घेतली.

* * *

आता नाश्त्याचं. गोल्ड मेंबरला नाश्ता फुकट. दादाच्या दृष्टीने हा त्या कार्डाचा आत्मा. पण नाश्ता सुरू होतो सातला, आणि जंगलाचं गेट उघडतं उजाडताना. त्यात हॉटेल शहरात. कान्ह्याला जायचं म्हणून आम्ही जबलपूरहून अंधारातच निघालो आणि दादाचा नाश्ता हुकला. दिवसभर तो हरणांकडे असा बघत होता, जणू ती त्याच्या वाटणीचा उपमा खाऊन बसली आहेत.

नागपूरला त्याने आधीच सांगितलं, "पेंचहून वेळेत निघायचं. नाश्ता साडेदहाला बंद होतो."

पेंचला आमची जिप्सी एका तळ्याशी उभी होती. अचानक माकडं ओरडायला लागली. सांबराने एक आवाज दिला. गाइड कुजबुजला, "साहब, शेर यहीं है. आधा घंटा रुक जाइए, पानी पे आएगा ही आएगा."

मुग्धाने माझा हात घट्ट धरला. आत्याने तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. दादाने घड्याळ बघितलं.

"नागपूर इथून दोन तास," तो म्हणाला.

"बाबा, प्लीज!"

"वाघ उद्याही असेल. नाश्ता उद्या नाही. उद्या नाश्त्याआधीच चेकआउट आहे."

गाइडला वाटलं, साहेब थट्टा करतायत. जिप्सी वळली तेव्हा त्याला कळलं. मी गाडी कशी चालवली ते मला माहीत, पण आम्ही नाश्ता बंद व्हायच्या जरा आधी पोचलो आणि दादाने डोसा, उपमा, कॉर्नफ्लेक्स आणि पुन्हा डोसा असं सगळं खाल्लं. मुग्धा समोर बसून पाणी प्यायली.

तासाभराने गाइडने तिच्या फोनवर फोटो पाठवला. तेच तळं, आणि त्यात बसलेली वाघीण, मान वर करून. मुग्धाने फोन दादासमोर धरला. दादाने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला.

"बसलेलीच तर आहे," तो म्हणाला. "कुठे काय करतेय?"

तर, वाघ दिसला नाही. विचारणाऱ्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

* * *

शेवटच्या मुक्कामाला नागपूरच्या हॉटेलवाल्यांना कळलं, की सर रिटायर झाले. त्यांनी खोल्या बदलून आम्हा सगळ्यांना मिळून एक मोठा सूट दिला. आत बेडरूम, बाहेर हॉल. बेडरूम वहिनीला आणि मुग्धाला. आत्याला हॉलमधला सोफा आवडला. मी गादी टाकून खाली. भिंतीशी एक जादा पलंग लावला होता, त्यावर दादा. चहाचा ट्रे त्याच्या उशाशी, आणि खिडकीपाशी एक ऐसपैस खुर्ची.

वहिनी सबंध ट्रिपभर टिकली होती. आम्ही टपऱ्यांवर प्यायलो, माझा गुठळ्यांचा प्यायलो, आत्याने तर एकदा नुसतं गरम पाणी पिऊन दिवस काढला. आता ही एक सकाळ पार पडली, की घर.

मला पहाटे जाग आली ती बेडरूमचं दार वाजल्यामुळे. पाच वाजले असणार, वहिनीची वेळ. ती बाहेर आली, शाल सारखी केली आणि आपोआप ट्रेपाशी गेली. तिचा हात केटलवर पडला.

मी अंथरुणातून बघत होतो. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस तिने दम धरला आणि शेवटच्या सकाळी, कुणी मागितलेलं नसताना, ती हरणार. उठून काही बोलावं असं वाटलं, पण काय बोलणार! तिचा चहा मी इतकी वर्षं पितोय.

वहिनी तशीच उभी राहिली. मग तिने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि खिडकीपाशी जाऊन त्या खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीवर. बाहेर जरा जरा उजाडत होतं.

थोड्या वेळाने दादा उठला. डोळे अर्धे मिटलेले, चष्मा नाही. त्याने ना माझ्याकडे बघितलं, ना आत्याकडे, ना खिडकीकडे. त्याच्या लेखी तो एकटाच होता, फिरतीवर, कुठल्यातरी गावात.

त्याने केटल उचलून हलवून बघितली, आतलं शिळं पाणी बेसिनमध्ये ओतलं, ती विसळली आणि नवं पाणी भरलं. दिवा न लावता खटका दाबला. पाणी उकळेपर्यंत एका कपात दुधाची पावडर टाकली, थेंबभर पाणी घालून चमच्याने घोटली आणि तिची मऊ पेस्ट केली. माझ्या गुठळ्या का होत होत्या, ते मला तेव्हा कळलं. दुसरा कप गरम पाण्याने विसळला. चहाच्या दोन पुड्या एकदम दातांनी फाडल्या, पिशव्या कपात सोडल्या, वरून पाणी ओतलं, बशी झाकली. बशीवर बोटं ठेवून तो थोडा थांबला. मग पिशव्या दोन चमच्यांच्या मध्ये दाबून पिळल्या, दूध मिसळलं, अर्धी पुडी साखर घातली आणि उरलेल्या पुडीचं तोंड दुमडून ती ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली. कुठे एक थेंब सांडला नाही. हॉलभर चहाचा चांगला वास सुटला.

कप घेऊन, काहीतरी गुणगुणत, तो नेहमीसारखा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला गेला.

खुर्चीत वहिनी होती.

दादा कप धरून उभा राहिला. गुणगुणणं थांबलं. वहिनी त्याच्याकडे बघत होती, कपाकडे नाही. मी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. मग सोफ्यावरच्या रजईतून, डोळेसुद्धा न उघडता, आत्याचा आवाज आला.

"श्रीधर, अपेंडिक्सच्या वेळी मला थंडीत रोज रिक्षाने कशाला बोलावत होतास रे?"

दादाने हातातल्या कपाकडे बघितलं.

"हा... हा गॅसवरचा नाहीये ना," तो म्हणाला.

वहिनीने हात पुढे करून त्याच्याकडून कप घेतला. एक घोट घेतला. मग खिडकीबाहेर बघत, अजिबात घाई न करता, तिने तो शेवटपर्यंत संपवला आणि रिकामा कप त्याच्यापुढे धरला.

"अर्धा अजून," ती म्हणाली. "आणि आत्यांचा जरा जास्त उकळा."